तांडापेठेतला भोंगा

महादेवराव भोयरांची नोकरी त्यांच्या आवाजावर चालली होती. पारशिवनीकडच्या खेड्यात, शेतातल्या मचाणावरून त्यांनी रानडुकरांना हाकललं की पलीकडच्या गावची माणसं दचकून उठायची, असं त्यांचे काका कौतुकानं सांगत. तोच आवाज घेऊन ते नागपुरात आले आणि हिवतापाच्या कार्यालयात प्रचार सहायक म्हणून लागले. काम सरळ होतं. जीपच्या टपावर भोंगा बांधलेला, बाबूलाल ड्रायव्हर गाडी हाकायचा आणि महादेवराव त्याच्या शेजारी बसून माइकवर बोलायचे.

बोलायचं काय, ते मात्र त्यांचं नव्हतं. छापील कागद वरून यायचा. "नागरिकहो, हिवताप निर्मूलनाच्या राष्ट्रीय कार्यात सहकार्य करा. फवारणी पथकास आपल्या निवासस्थानी प्रवेश द्या." महादेवराव घरी रुखमाबाईशी बोलताना कधी 'निवासस्थान' म्हणाले नव्हते. पण माइक हातात आला की त्यांची मान ताठ व्हायची, भाषा बदलायची, आणि आपण सरकार झालो असं त्यांना वाटायचं. हे वाटणं त्यांना आवडायचं, यात खोटं काही नाही. मिशीला तेल आणि गळ्यात निळ्या काठाचा दुपट्टा घातल्याशिवाय ते कधी गाडीत बसले नाहीत.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. देशातून गेला म्हणून सांगितलेला हिवताप परत फिरला होता. पूर्व नागपुरात, कोष्ट्यांच्या वस्त्यांमध्ये, घरटी कोणी ना कोणी गोधडीत कुडकुडत पडलेलं असायचं. दुपारी थंडी वाजून यायची, संध्याकाळी घामानं अंथरूण भिजायचं, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस हातमागावर बसलेला दिसायचा. घरोघर डीडीटी फवारायचा हुकूम निघाला. बाकी वस्त्यांत फवारणी होत गेली. तांडापेठेत मात्र पंप खांद्यावर घेतलेली माणसं गल्लीत शिरली की एकामागून एक कड्या लागत. आतून माग चालल्याचा खटखट आवाज येत राही, पण दार काही उघडत नसे.

कार्यालयाचे प्रमुख डॉक्टर दाणी पुण्याचे. माणूस सज्जन, हुशार, पण त्यांचा सगळा दिवस नकाशे आणि तक्ते यांच्यात जायचा. तांडापेठेची चौकट कोरी राहिलेली पाहून त्यांनी महादेवरावांना बोलावलं आणि प्रचार वाढवायला सांगितलं. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी, आवाज जरा मोठा. महादेवरावांनी मान डोलावली. आवाज मोठा करणं तर त्यांच्या हातातलंच होतं.

सकाळच्या फेरीत पहिल्याच दिवशी अडचण आली. तांडापेठेच्या गल्ल्यांमध्ये उजाडता उजाडता बाया-माणसं सूत गल्लीभर ताणून त्याला खळ लावत. ऊन चढायच्या आत ते काम उरकावं लागे. बाबूलालनं ब्रेक मारला आणि म्हणाला, "साब, गाडी आगे कैसे जायेगी, सूत बिछा है." महादेवरावांनी हॉर्न वाजवायला सांगितला. माणसांनी दोन्हीकडचे खुंट उपटले, ओलं सूत अलगद उचलून भिंतीशी धरलं आणि जीपला वाट दिली. जीप गेली. भोंगा राष्ट्रीय कार्याबद्दल बोलत गेला. मागं वळून कोणाच्या चेहऱ्याकडं पाहायचं महादेवरावांच्या मनातही आलं नाही. रोज सकाळी सूत उचललं जात होतं, रोज जीप जात होती, आणि कड्या लागतच होत्या. गल्लीतले पोट्टे तेवढे जीपमागं धावत 'निवासस्थानी, निवासस्थानी' असं ओरडायचे.

असाच पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, तेव्हा शहराचं सगळं मन रस्त्यावर येतं. काळी मारबत, पिवळी मारबत, आणि त्यांच्यामागं बडगे. बांबू आणि कागदाचे हे पुतळे म्हणजे लोकांची वर्षभराची तक्रार. कोणाला महागाईचा राग असतो, कोणाला एखाद्या पुढाऱ्याचा. ज्याचा राग त्याचा बडग्या. गळ्यात पाटी लटकवायची, गावभर मिरवायचा, शिव्या घालायच्या आणि शेवटी जाळून टाकायचा. "रोगराई घेऊन जाय गे मारबत" असं ओरडून घसा बसला की माणसं मोकळी होऊन घरी जातात.

महादेवराव दरवर्षी रुखमाबाईंना घेऊन इतवारीत एका ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर उभे राहत. त्या वर्षीही उभे होते. पिवळी मारबत गेली, तेलाच्या डब्याचा बडग्या गेला, रॉकेलच्या रांगेचा गेला. मग तांडापेठेच्या पोरांचा एक बडग्या नाचत नाचत आला आणि रुखमाबाई खळखळून हसल्या. खाकी सदरा, भली मोठी मिशी, गळ्यात निळ्या काठाचा दुपट्टा. तोंडाच्या जागी पुठ्ठ्याचा एवढा मोठा भोंगा की त्याच्या वजनानं मुंडकं पुढं वाकलेलं. डोक्याच्या दोन्ही बाजू मात्र सपाट, तुळतुळीत. गळ्यातल्या पाटीवर लिहिलं होतं: 'बोलते लय, आयकत नाई.'

रुखमाबाईंचं हसू मध्येच थांबलं. त्यांनी एकदा बडग्याच्या दुपट्ट्याकडं पाहिलं आणि एकदा नवऱ्याच्या. तो दुपट्टा त्यांनीच घेऊन दिलेला होता. महादेवरावांचा चेहरा पडला. गर्दीतल्या कोणी त्यांना ओळखलं नाही, पण त्यांना वाटलं सारी इतवारी आपल्याकडं पाहून राहिली आहे.

दोघं घरी आली. रात्री ताट वाढताना रुखमाबाई हळूच म्हणाल्या, "मिशी बाकी हुबेहूब केली होती जी. कोणंतरी बसून पाह्यलं असन तुमाले."

महादेवराव जेवायचे थांबले. वर्षानुवर्षं आपण लोकांसमोर बोलतोय आणि लोक आपल्याकडं इतकं निरखून पाहतात, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आपल्याला मात्र तांडापेठेतला एक चेहरा आठवत नाही. राग आलेला होता, तो उतरला नाही; पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी टोचू लागलं. पाटीवरचं वाक्य खोटं आहे असं म्हणायला त्यांना काही सापडेना.

दोन-तीन दिवस त्यांनी तसेच काढले. मग एका दुपारी जीप न घेता, दुपट्टा घरी ठेवून, ते पायीच तांडापेठेत गेले. बडग्या कोणी केला हे विचारायला फार फिरावं लागलं नाही. बाबनराव निखारे दरवर्षी तांडापेठेचा बडग्या करत; बांबू वाकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. साठीचे, वाळलेले, डोळ्यांत मिस्कील चमक असलेले बाबनराव ओट्यावर विडी ओढत बसले होते. महादेवरावांना पाहून ते उठले नाहीत, पण सरकून त्यांनी जागा करून दिली.

"वळखलं मले?" महादेवरावांनी विचारलं.

"मिशीवरून वळखलं."

"कान काहून नाई लावले गा, बाबनराव?"

बाबनरावांनी विडीचा झुरका घेतला. "लावाचे होते. पन भोंगाच येवढा मोठा झाला, का जागाच नाई उरली."

महादेवरावांना वाटलं होतं आपण भांडू. पण ते हसले. बाबनरावही हसले, त्यांना घरात घेऊन गेले आणि चहा सांगितला.

चहा घेऊन आली ती त्यांची सून गोपिका. महादेवराव पहिल्यांदाच कोष्ट्याच्या घरात बसले होते, म्हणून ते इकडंतिकडं पाहू लागले. घर म्हणजे एक लांब खोली. अर्धी खोली मागानं व्यापलेली. मागासमोरच्या खड्ड्यात पाय सोडून गोपिकाचा नवरा जागेश्वर विणत होता. तलम पांढरं सूत, कडेला लाल रेशमाची किनार, आणि वर कौलांपर्यंत कुठंच आडोसा नाही. स्वयंपाक इथंच, झोपणं इथंच. छापील कागदातलं 'निवासस्थान' ते हेच.

गोपिका रहाटापाशी बसून कांड्या भरत होती. कांडी म्हणजे विणताना आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायची सुताची नळी. कांड्या भरता भरता तिनं विचारलं, "काकाजी, मागच्या सालच्या फवारणीचं तुमाले कोनी सांगतलं नाई का?"

महादेवरावांनी नाही म्हटलं. मग तिनं सांगितलं. मागच्या वर्षी पंपवाले आले तेव्हा त्यांनी दार उघडलं होतं. जरा थांबा, मागावर चादर टाकतो, असं ती म्हणेपर्यंत फवारा सुटला. मागावर लग्नाच्या लुगड्यांचा रेशीमकाठी ताणा, म्हणजे उभं ताणलेलं सूत, लावलेला होता. वरच्या वाशांवरून पांढरं पाणी टपकत राहिलं आणि रेशमावर डागच डाग पडले. धुतले तर रंग फुटला. शेठनं माल परत केला तो वेगळाच, पण जागेश्वर चार दिवस मागाकडं फिरकला नाही, याचं तिला जास्त लागलं होतं. बाबनराव कार्यालयात सांगायला गेले, तर तिथल्या कोणी त्यांना ऐकवलं की फवारणी देशाच्या हिताची असते. ते तसेच परत आले. ही गोष्ट गल्लीत कळली आणि तेव्हापासून कड्या लागायला लागल्या.

"आमाले ताप पाह्यजे असं थोडंच हाय," गोपिका म्हणाली. "पन दार ठोठावते त्याले इचाराले तर पाह्यजे, का बाई, माग भरला हाय का रिकामा."

माग रिकामा म्हणजे काय, हे महादेवरावांनी विचारलं, तेव्हा जागेश्वरनं खड्ड्यातूनच समजावलं. विणलेलं कापड उतरलं की नवा ताणा सांधेपर्यंत माग एक-दोन दिवस मोकळा असतो. प्रत्येक घराचा तो दिवस वेगळा. त्या दिवशी आले तर फवारा की खुशाल. पण पथक यायचं ते नकाशावरच्या तारखेनं.

महादेवराव उठले तेव्हा चहा केव्हाच निवला होता. त्यांना वाटलं, इतकी साधी गोष्ट. ती समजायला पुतळा जाळून घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टर दाणींना सारं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पण फवारणीचा कार्यक्रम ठरलेला असतो, एकेका घराच्या सोयीनं पथक फिरवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. तुम्ही प्रचाराकडं लक्ष द्या, असंही ते म्हणाले. महादेवराव खोलीबाहेर आले. संध्याकाळची फेरी होतीच.

जीप तांडापेठेच्या चौकात आली तेव्हा त्यांनी बाबूलालला मारुतीच्या देवळाजवळ गाडी लावून इंजिन बंद करायला सांगितलं. चौकातल्या नळावर बाया होत्या, लहानूच्या पानठेल्यावर माणसं होती, देवळाच्या ओट्यावर बाबनराव धरून चार म्हातारे बसले होते. महादेवरावांनी कागद काढला, "नागरिकहो" एवढं म्हटलं आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

"मी महादेव भोयर," ते माइकवर म्हणाले, आणि स्वतःची बोली त्या भोंग्यातून ऐकून स्वतःच दचकले. "तुमचा बडग्या म्या पाह्यला. खरा हाय तो. म्हनून आज मी बोलत नाई. हा माइक अठी ठेवतो. ज्याले बोलाचं हाय, त्यानं बोलावं. मी आयकतो."

माइक जीपच्या बॉनेटवर ठेवून ते खाली उतरले आणि पायरीवर बसले.

लोक लांबूनच माइककडं पाहत होते. सरकारचा माइक, हात लावावा की नाही. मग लहानू हात पुसत पुढं आला, "हॅलो, हॅलो" म्हणाला, आपलाच आवाज घरांवरून फिरून आलेला ऐकून लाजला आणि ठेल्यामागं जाऊन बसला. लोक हसले. हसल्यामुळं वातावरण सैल झालं. एकानं नळाला पाणी नसल्याचं सांगितलं. दुसऱ्यानं त्याला टोकलं की हे मलेरियावाले आहेत, नळवाले नाहीत. त्यावर पहिला म्हणाला, सरकार सरकारच असते, ते आपसात सांगतील. यमुताई नावाची एक एकटी राहणारी म्हातारी माइक दोन्ही हातांत धरून, कोणाला उद्देशून कोण जाणे, मागच्या गटाराचं पाणी तुंबून डास कसे झालेत हे बोलली. तिचा आवाज इतका बारीक होता की चौक कान देऊन गप्प झाला.

गोपिका नळाजवळ उभी होती. घागर भरून वाहत होती, तिचं लक्ष नव्हतं. सासरे समोर बसलेले, गल्लीतली मोठी माणसं बसलेली. त्यांच्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं, तेही भोंग्यावरून. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि बाबनरावांकडं पाहिलं. बाबनराव जमिनीकडं पाहत होते. मग त्यांनी मान वर केली.

"बोल वं माय," ते म्हणाले. "माह्यं तर कोनं आयकलं नाई. तू बोल."

गोपिका बोलली. महादेवरावांना घरी सांगितलं होतं तेच, पण इथं तिचा आवाज कौलांवरून, गल्ल्यांवरून दूर जात होता. चादर टाकायला मागितलेला वेळ, वाशांवरून टपकलेलं पाणी, फुटलेला रंग. शेवटी ती म्हणाली, "आमच्या दाराले कडी काहून लागते, हे कोनी इचारलंच नाई. आता इचारलं म्हनून सांगतलं." गल्लीगल्लीतले माग थांबले होते. तांडापेठेत त्या वेळी इतकी शांतता बाबूलालनं कधी ऐकली नव्हती, असं तो नंतर सांगायचा.

महादेवराव उठले.  मग त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, "गोपिकाबाई, म्या आयकलं. उद्या याच टायमाले याचं उत्तर आनतो."

जीपमध्ये बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की उत्तर आपल्याकडं नाहीच.

ही बातमी त्यांच्याआधी कार्यालयात पोचली होती. सकाळी डॉक्टरांनी त्यांना उभं केलं. सरकारी माइक लोकांच्या हातात दिलात, हे खरं का? महादेवरावांनी हो म्हटलं. कोणाच्या परवानगीनं? कोणाच्याच नाही. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शिपायानं दाराबाहेर कान टवकारले. आता निलंबनाचा कागद हातात पडणार, असं महादेवराव समजून चुकले.

"मग," डॉक्टर म्हणाले, "काय म्हणाले लोक?"

महादेवरावांनी सांगायला सुरुवात केली. लहानूच्या हॅलोपासून यमुताईच्या गटारापर्यंत सगळं सांगितलं. गोपिकाचं बोलणं तर त्यांनी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. डॉक्टर ऐकत होते. बाबनरावांना याच कार्यालयातून ऐकवून परत पाठवलं होतं, हे आलं तेव्हा मात्र त्यांची नजर खाली गेली.

"आणि तुम्ही आज उत्तर देणार आहात."

"उत्तर तुमी द्या साहेब. मी तं भोंगा हाय."

डॉक्टर दाणींना हसू आलं की काय, ते कळलं नाही, कारण त्यांनी चष्मा लगेच चढवला. पण संध्याकाळी ते जीपमध्ये येऊन बसले.

चौकात आदल्या दिवशीपेक्षा जास्त माणसं होती. डॉक्टर सुरुवातीला तक्त्यासारखंच बोलले; डासांची जात, औषधाचं प्रमाण, असं काय काय. लोक चुळबुळले. महादेवरावांनी मागून हळूच सांगितलं, साहेब, लुगड्याचं बोला. डॉक्टर अडखळले. मग त्यांनी बाबनराव कोण ते विचारलं, आणि ओट्यावरच्या त्या वाळक्या माणसाकडं वळून म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे आलात, तेव्हा तुमचं ऐकून घ्यायला हवं होतं. ते घेतलं नाही. चूक आमची." एवढंच. पण भोंग्यावरून म्हणाले.

त्यानंतर प्रश्न सुरू झाले ते दिवेलागणीपर्यंत चालले. औषध पोळ्यांना लागलं तर? लहान लेकरानं भिंत चाटली तर? ढेकूण मरतात का? डॉक्टर जे माहीत ते सांगत होते. रेशमावरचा डाग कशानं निघतो असं जागेश्वरनं विचारलं, तेव्हा त्यांनी मला माहीत नाही असं सांगितलं. महादेवरावांच्या लक्षात आलं, की या उत्तरावर माणसांनी एकमेकांकडं पाहून माना हलवल्या. सरकारला एखादी गोष्ट माहीत नसते आणि ते तसं सांगतं, हे त्यांना नवीन होतं.

पथकानं कसं यावं, ते गोपिकानंच सुचवलं. ज्या घरचा माग रिकामा, त्या घरानं दाराच्या कडीला रिकामी कांडी बांधायची. कांडी दिसली तर पंपवाल्यांनी आत यावं, नाही तर पुढं जावं. डॉक्टरांनी विचार करून एका महिन्यापुरतं चालेल म्हटलं, आणि घरातलं सूत झाकल्याशिवाय फवारा सोडायचा नाही असं पथकाला तिथंच बजावलं. सकाळची फेरी बंद केली. त्या फेरीपायी गल्लीतलं ओलं सूत रोज उचलावं लागतं, हे महादेवरावांनी त्यांना येताना वाटेत समजावलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी पथक गल्लीतून फिरलं तर कुठंच कांडी नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. बोलणं वेगळं आणि दार उघडणं वेगळं. पहिलं कोण, यावर सगळं अडलं होतं. गोपिकाचा माग भरलेला, तिची इच्छा असून उपयोग नव्हता. महादेवराव संध्याकाळी चौकात यायचे, माइक ठेवायचे, लोक नळाबद्दल, गटाराबद्दल बोलायचे, कांडीचा विषय कोणी काढत नसे. त्यांनीही काढला नाही. बाबूलालनं एकदा सुचवलं की साब, जोर से बोलो, तर त्यांनी नुसतं हातानं नको म्हटलं.

मग एका सकाळी पथकातल्या माणसाला अगदी टोकाच्या घराला कांडी दिसली. ते यमुताईचं घर होतं. निरोप कळला तसे महादेवराव धावत गेले. घरात माग होता, पण त्याच्यावर सुताचा धागा नव्हता. लाकडावर धूळ होती. मालक गेल्यापासून तो तसाच होता.

"माहा माग तं कवाचाच रिकामा हाय," यमुताई म्हणाली. "म्हटलं, मीच बांधते. माह्या घरचं काय खराब होनार हाय."

महादेवरावांनी तिचं अंथरूण, देवांची परडी, दोन डबे बाहेर आणून ठेवले. मागावर तिनं चादर टाकायला सांगितली, तीही टाकली. झाकण्यासारखं काही नसताना टाकली. शेजारपाजारच्या बाया दारात गर्दी करून पाहत होत्या. फवारा भिंतीवर कसा मारतात, चादरीवर किती थेंब पडतात, तास-दोन तासांनी घर कसं दिसतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी यमुताईनं माइकवर सांगितलं की वास येते, पण डोकं दुखत नाही, आणि ढेकूण मरून पडले आहेत, कोणाला पाहायचे असतील तर या. तिच्या घरी रात्रीपर्यंत रीघ लागली.

त्यानंतर कांड्या दिसू लागल्या. आधी एका गल्लीत, मग दुसऱ्या. कोणाचा माग केव्हा उतरणार हे नळावरच्या बायांना ठाऊकच असे. त्या पथकाला आधीच सांगून ठेवू लागल्या. गोपिकाच्या घरची पाळी आली तेव्हा महादेवराव स्वतः गेले. विणून उतरलेली लुगडी आणि नव्या ताण्याचं सूत त्यांनी आणि जागेश्वरनं जुन्या धोतरात गुंडाळून दोन्ही टोकांनी उचललं. फवारणी होईपर्यंत दोघं ते धरून गल्लीत उभे होते, आणि जमिनीला टेकवू नका, वर धरा, असं गोपिका आतून ओरडून सांगत होती. महादेवरावांचे हात भरून आले. सकाळच्या फेरीत लोक ओलं सूत उचलून किती वेळ उभे राहत असतील, असं त्यांच्या मनात आलं.

सगळीच घरं झाली असं नाही. काही कड्या शेवटपर्यंत उघडल्या नाहीत. गटाराचं काम दुसऱ्या खात्याकडं होतं, ते रखडलं. डॉक्टर दाणींना वरून विचारणा झाली की कार्यक्रम तारखेबाहेर का गेला. त्यांनी काय उत्तर दिलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण तांडापेठेची चौकट भरत गेली आणि ताप उतरत गेला. संध्याकाळचा माइक बंद करा असंही कोणी म्हणालं नाही. आठवड्यातून दोनदा जीप चौकात लागायची. कधी कोणाची हरवलेली शेळी भोंग्यावरून शोधली जायची, कधी कोणी रक्ततपासणीला बोट टोचून घ्यायला घाबरलं की त्याची चेष्टा व्हायची. घरी गेल्यावर रुखमाबाई त्यातलं एकेक खोदून विचारत. शेवटी एकदा त्याच चौकात येऊन बसल्या आणि यमुताईच्या मैत्रीण होऊन गेल्या.

दिवाळीनंतर बाबनराव स्वतः तापानं पडले. रक्त तपासलं, हिवताप निघाला, आणि महादेवरावांनी गोळ्या आणून दिल्या. गोळ्या होत्या कडूजहर. बाबनरावांनी पहिल्या दिवशीची कशीबशी घेतली; दुसऱ्या दिवसापासून ते गोळी गालात धरून, पाणी पिऊन, गुपचूप अंगणात थुंकू लागले. गोपिकानं पाहिलं. तिनं समजावलं, जागेश्वरनं समजावलं. म्हातारा ऐकेना. मला आता बरं वाटून राहिलं, असं एकच पालुपद.

त्या दिवशी जीपचा वार होता. घरच्या ओट्यावर घोंगडी पांघरून बसलेल्या बाबनरावांना चौकातून सुनेचा आवाज ऐकू आला.

"मी गोपिका निखारे बोलून राहिली. आमचे मामाजी मलेरियाची गोळी थुंकून राहिले. त्याहीच्या वळखीचे जेवढे असन, तेवढ्याहीनं येऊन त्याहीले सांगावं."

आधी लहानू आला, मग देवळाच्या ओट्यावरचे तिघं म्हातारे, मग काठी टेकत यमुताई. त्यांच्या मागं महादेवराव. अंगण भरलं. सगळे बाबनरावांकडं पाहत उभे राहिले. बाबनरावांनी एकेकाकडं पाहिलं, घोंगडीतून हात बाहेर काढला आणि तळहात पुढं केला. गोपिकानं त्याच्यावर गोळी ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, डोळे मिटले, गटागटा पाणी प्यायले आणि गोळी उतरली की नाही ते सर्वांना दिसावं म्हणून जबडा उघडून दाखवला.

"झालं समाधान?" ते म्हणाले. मग महादेवरावांकडं बोट करून गोपिकाला त्यांनी विचारलं, की या माणसाला चहा देणार आहेस की नाही, का आता तेही भोंग्यावरूनच सांगायचं.